दारावरचा लाल दिवा

कॉलेजात सगळे त्यांना 'रेघवाले सर' म्हणायचे. तोंडावर नव्हे, पाठीमागे. काचेच्या नळीत थोडासा वायू भरायचा, त्यातून वीज सोडायची, कधी त्यावर लेझर मारायचा आणि जो उजेड पडेल त्याचे रंग सुटे करून त्यातल्या रेघा मोजत बसायचं. प्रत्येक पदार्थाच्या रेघा वेगळ्या, बोटांच्या ठशांसारख्या. अख्खं आयुष्य यात गेलं. कुठले कुठले संशोधक त्यांनी मोजलेल्या रेघा बिनघोर आपल्या कामात वापरायचे, आणि इथे शेजारच्या खोलीतल्या माणसाला सर जेवले की उपाशी आहेत याचा पत्ता नसायचा.

बायको लवकर गेली. मुलगी मावशीकडे वाढली, सुट्टीत तेवढी यायची. लहान असताना एकदा ती धावत थेट प्रयोगशाळेत घुसली. आत लेझर चालू! सरांनी तिला दंडाला धरून बाहेर ओढलं आणि असे ओरडले, की पोर लटलट कापायला लागली.

"डोळे गेले असते तुझे! दारावरचा दिवा लाल असला की आत यायचं नाही. आभाळ कोसळलं तरी नाही. कळलं?"

"कळलं," ती म्हणाली. मग हुंदके देत तिनं विचारलं, "पण बाबा, तो जांभळा उजेड कसला होता?"

सर तसेच आत गेले आणि दार लावून घेतलं. अहो, लेकीच्या डोळ्यांच्या धास्तीनं जीव अर्धा झाला होता माणसाचा, पण बाहेर पडला तो नुसता राग. जवळ घेऊन दोन शब्द बोलायला काय जात होतं? ते राहून गेलं ते गेलंच. मुलगी पुन्हा त्या दाराकडे फिरकली नाही.

तो दिवा खरा लेझरला जोडलेला होता. लेझर चालू, तर दिवा लाल. पण सरांचा स्वभाव पडला तिरसट. येणाऱ्या-जाणाऱ्यांची कटकट नको म्हणून त्यांनी पुढे कधीतरी ती तार काढली आणि खोलीच्या मुख्य बटणाला जोडून टाकली. आत नुसता पंखा लागला तरी बाहेर दिवा लाल! लोक आपोआप यायचे बंद झाले. सुटलो बुवा, असं वाटलं त्यांना. मग ते स्वतःच विसरले. दिवा दाराच्या बाहेरच्या अंगाला. आत बसलेल्याला तो दिसणार कसा?

मुलगी शिकली, मोठी झाली आणि कायमची परदेशी निघाली. निघायच्या दिवशी सकाळी तिचा फोन आला.

"बाबा, दुपारी स्टेशनवर जाताना येऊन जाऊ? घरी नको, तुमच्या प्रयोगशाळेतच येते."

"ये," सर म्हणाले. एवढंच. पण फोन ठेवल्यावर माणूस नुसता भिरभिरला. त्यांनी लगेच पंप लावला. नळीतली हवा नीट उपसली नाही तर रंग गढूळ येतो. लेझर बंद करून वर काळं कापड टाकलं, उगाच तिच्या डोळ्यांना धोका नको. दुसरं स्टूल पुसून जवळ ओढलं. आज तो जांभळा उजेड तिला दाखवायचा, कसला ते सांगायचं आणि त्या दिवशी मी रागावलो नव्हतो गं, घाबरलो होतो, हेही सांगून टाकायचं. मनातल्या मनात घोकून ठेवलं होतं त्यांनी. मोबाइल मात्र नेहमीसारखा ऑफिसच्या खणात. त्याच्या लहरींनी मोजणी बिघडते म्हणून तो आत आणायचा नाही, हा त्यांचाच नियम.

पंप घरघरत राहिला. थर्मासमधला चहा कोमट झाला, मग गार झाला. सर स्टुलावर बसून दाराकडे बघत होते. उन्हं कलली तरी दार हललं नाही.

नाही आली. का यावं तिनं? आपण काय केलंय असं तिच्यासाठी? फार एकटं वाटलं त्यांना. पंप थांबवून, बटण बंद करून ते बाहेर आले, तर शिपाई बाकावरचे कागद उचलत होता.

"सर, ताई केव्हाच्या बसल्या होत्या इथे. मी म्हटलं, दार वाजवा की! तर म्हणाल्या, दिवा लाल आहे, पंपही चालू आहे, बाबांचं काम चाललंय."

"कुठाय ती?"

"गेल्या. गाडीची वेळ झाली ना."

सरांनी वर बघितलं. दिवा आता विझलेला होता. ती तार आपणच बटणाला जोडली होती, हे आत्ता आठवलं त्यांना. धडपडत ते ऑफिसात गेले, खणातून मोबाइल काढला. तिचे फोन येऊन गेले होते. त्यांनी लावला.

"बाबा! झालं का काम?" गाडीच्या खडखडाटातून तिचा आवाज आला. त्यात रागाचा लवलेश नव्हता, आणि तेच जास्त लागलं.

"काम नव्हतं गं. लेझर तर झाकून ठेवला होता. तुझीच वाट बघत बसलो होतो."



"मग एकदा दार उघडून बघायचं ना, बाबा."