चहाच्या चित्रावरचा डाग
झेंडूचा उग्र वास आला की मला सासऱ्यांचं बोट आठवतं. वलगावजवळच्या आमच्या मळ्यात ते फुलं तोडायचे आणि तशाच हिरव्यापिवळ्या हातांनी माझ्या न बोलणाऱ्या लेकीपुढे बसायचे, पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या चित्रांचा तक्ता घेऊन. अमरावतीच्या वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं, आधी मोठ्यांनी चित्रावर बोट ठेवून बोलायचं, मग पोर शिकते. आम्हाला लाज वाटायची. सासरे मात्र चहाच्या चित्रावर बोट ठेवल्याशिवाय चहा मागत नसत. शेजारी हसले की म्हणायचे, "मले तं येते बोलता, पण तिले दिसलं पाहिजे ना बाप्पा." ते वारले त्या आठवड्यात घर माणसांनी भरलेलं होतं. लेकीने 'आजोबा'वर बोट ठेवलं, मग 'चहा'वर. "पोरीले चहा पाहिजे वं," म्हणत कोणीतरी कप पुढे केला. तिने तो ढकलला आणि त्यांच्या रिकाम्या खाटेकडे बघत राहिली. मरणाचं चित्र तक्त्यावर नव्हतं. सगळ्यांदेखत मी पहिल्यांदाच बोट उचललं, 'आजोबा'वर ठेवलं आणि मग ताटातला भात संपल्यावर ती दाखवायची त्या 'संपलं'वर. ती बराच वेळ माझ्या बोटाकडे बघत होती. मग तिने पुन्हा 'आजोबा'वर बोट ठेवलं, आणि 'आणखी'वर. तक्ता आता जुना झालाय, बाई नवा करून देते म्हणतात. पण आमच्या घरात हल्ली सगळेच चहा बोट ठेवून मागतात, सासऱ्यांच्या बोटाने पडलेल्या त्याच पिवळ्या डागावर.