टेकडीवरचे क्रेडिट

शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधल्या सर-मॅडम लोकांनो, हे तुमच्यासाठीच लिहून राह्यली.

माझ्या निशानं बारावीत असतानाच कॉलेजचा अर्थशास्त्राचा कोर्स ऑनलाइन केला. शाळेत सांगितलं होतं, क्रेडिट जमा होतील, पुढं कॉलेजात तो पेपर द्यायचं काम नाही. घाटंजीकडच्या आमच्या तांड्यात रेंज नाही. पोरगी टेकडीवर चढून व्हिडिओ डाउनलोड करायची अन् कापूस वेचताना कानात लावून ऐकायची. पास झाली तेव्हा मी अख्ख्या तांड्यात गूळ वाटला.

आज यवतमाळले कॉलेजात ॲडमिशनसाठी गेलतो. तिथल्या बाबूनं कम्प्युटरवर पाह्यलं. म्हणाला, "क्रेडिट दिसून राह्यले, पण आमच्याकडं चालत नाहीत. तोच पेपर पुन्हा द्या."

त्याच्या डोक्यावरच बोर्ड होता. शाळेत शिका, कॉलेजचे क्रेडिट मिळवा.

निशा म्हणाली, "सर, मंग हा बोर्ड कायले लावला?"

"वरून आला म्हणून लावला," बाबू म्हणाला, अन् त्यानं पुढच्याले हाक मारली.

एसटीतून तांड्यापाशी उतरल्यावर पोरगी मले, तिच्या आईले, म्हणाली, "याडी, तू हे कोणाले सांगू नको."

मले वाटलं, तिले लाज वाटून राह्यली. तिनं नुसतं बोट दाखवलं. टेकडीवर दहावी-अकरावीतल्या दोन पोरी मोबाइल उंच धरून उभ्या होत्या. निशाचं पाहूनच त्यांनी कोर्स घेतला.

आता तुम्हीच सांगा. त्यांना खाली बोलावू, का तशाच उभ्या राहू देऊ?