केवलरामनं मंडईचं कार्ड छापलं

पाण्याच्या मोटारी बांधून देणारा केवलराम अक्षय तृतीयेला बायको-मुलीसह अर्जुनी या तालुक्याच्या गावात राहायला आला. सामान एका मेटॅडोरमध्ये मावलं. काळज्या मात्र अजून येतच आहेत. इटियाडोह धरणाच्या कालव्याकाठच्या त्याच्या गावात दाराला कडी होती, ती फक्त वाऱ्यानं दार वाजू नये म्हणून. इथे तो किल्ली करदोड्याला बांधून झोपतो. नळ येईल का, आलाच तर किती वेळ टिकेल, दुकानासमोरची पाणीपुरीची गाडी आपलं गिऱ्हाईक आणते की अडवते, सगळ्याचा त्याला घोर. जळालेली मोटार तो दोन दिवसांत नवी करून देतो, पण स्वतः जळत असतो तेव्हा तारा बदलून देणारं कुणी नाही.

सगळ्यांत थोरली काळजी म्हणजे शामकलाबाई. ही त्याची मोठी बहीण, तो तिला बाई म्हणतो, नवेगाव बांध या गावी दिलेली. आई लवकर गेली तेव्हा हिनंच त्याला न्हाऊमाखू घातलं, बदडलं आणि माणसात आणलं. भाऊ गाव सोडतो हे कळल्यावर ती काहीच बोलली नाही. शामकलाबाई बोलली नाही, असं नवेगावात त्याआधी कधी घडल्याचं कुणाला आठवत नाही. सहा महिने झाले, ती अर्जुनीच्या घराकडे फिरकली नव्हती.

आणि आता अर्जुनीची मंडई आली. दिवाळी झाली की आमच्याकडे एकेका गावची मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि त्या दिवशी त्या गावातल्या घराघरांत सगेसोयरे जेवायला उतरतात. ज्याच्या दारात चपलांचा ढीग मोठा, तो माणूस मोठा. केवलरामनं मनाशी ठरवून टाकलं, बाई आली तर अर्जुनीतलं घर आपलं. नाही आली तर ते नुसतं भाड्याचं.

शेजारी छोटेलालची छपाईची प्रेस. त्यानं सल्ला दिला, "केवलभाऊ, देहात की बात अलग थी. यहाँ टाउन में बिना कार्ड के कौन आता है?"

घाबरलेल्या माणसाला कुठलाही सल्ला पटतो. चाळीस कार्डं छापली. वर सोनेरी गणपती, खाली 'सहकुटुंब सहपरिवार उपस्थित राहून उपकृत करावे, आपला आगमनाभिलाषी, केवलराम.'

"बाबा," बारावीतली रुची म्हणाली, "हे वाचतानाच आत्याले दम लागन."

तो गाडीवर हिंडून कार्डं वाटून आला. नवेगावला बाई घरी नव्हती. त्यानं कार्ड दाराच्या फटीतून आत सारलं आणि सुटल्यासारखा परत आला.

मंडईच्या दिवशी फुलवंता, म्हणजे त्याची बायको, पहाटेपासून चुलीशी. मटणाचा रस्सा, वडे, मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, भात. नऊ वाजले, दहा वाजले. रस्त्यावर हॉर्न वाजला की केवलराम बाहेर येई आणि फुग्यावाला बघून आत जाई.

"अजी, बसा ना जरा," फुलवंता म्हणाली. "रस्सा उतू जात नाई, तुमीच उतू जाऊन राहिले."

अकरा वाजता एक पाहुणा आला. गावाकडचा जुना सोबती शालीकराम. त्याला बघून केवलराम ओशाळला, कारण याचं नाव यादीतून सुटलं होतं. शालीकराम मांडी घालून बसला आणि पाचव्या वड्यावर पोचला, तेव्हा केवलरामला राहवलं नाही.

"शालीक, तुले कारड देवाचा राहून गेला गा. माफ कर."

"नाई भेटला मनूनच तं आलो!" शालीकराम रस्सा ओढत म्हणाला. "ज्याले कारड भेटला तो कायले येईन? कारड परक्याले देतेत. मंडईले कोनी बलावते का? सारे रुसून बसलेत तुह्यावर. रस्सा टाक वो वयनी."

केवलरामचा चेहरा रस्त्यावरच्या धुळीसारखा झाला. चाळीस माणसांना त्यानं स्वतः छापून, स्वतः पेट्रोल जाळून, परकं केलं होतं. त्यांत बाईसुद्धा! त्यानं चप्पल कुणाची हे न बघता पायात घातली आणि गाडी काढली.

मंडईच्या गर्दीतून वाट काढून नवेगावला पोचेपर्यंत त्यानं माफीची सात वाक्यं पाठ केली. शामकलाबाई ओसरीवर बसली होती. नवं लुगडं, केसाला तेल, बाजूला भरलेली पिशवी. सातही वाक्यं पळाली.

"बाई, चाल."

"कोन तुमी?" शामकलाबाई म्हणाली. "कारडवाले का? मायनं कवा कारड देल्ला होता का तुले जेवाले? का मी थाळी वाजवून बलावत होती?"

"चुकला, बाई."

"सकारपासून लुगडा नेसून बसली आहो मी. पाय उचलत नाई. कारड वाचला का आंग जळते."

"भेव लागला होता, बाई."

"कायचा?"

"तू येतेस का नाई, याचा."

बाईनं पिशवी जवळ ओढली. मग तिचा आवाज उतरला, शिवी मात्र उतरली नाही.

"भोकन्या! मंग तसा काऊन नाई लिवलास? उपकृत लिवलास, आगम का काय ते लिवलास, भेव लागते हेच लिवाचा होता ना!"

ती पिशवी घेऊन गाडीवर बसली. केवलराम श्वास सोडणार, तेवढ्यात मागून, अगदी कानाशी, तिनं मोबाइलवर पहिला नंबर लावला. "हॅलो! केवलच्या घरी जाऊन राहिली मी. रुसाचा नंतर. आता निंगा!" अर्जुनी येईपर्यंत असे तेवीस फोन झाले.

दारात उतरून तिनं घर खालून वर पाहिलं.

"आंगन?"

"नाई, बाई."

"ओसरी?"

"नाई."

बाई आत गेली, तिनं गंजावरचं झाकण उचललं आणि ओरडली, "फुलवंता! एवढ्याशा भातात काय होते? सारा गोतावळा येऊन राहिला. चढव दुसरा गंज!"

बाहेर पहिला ऑटो थांबला. त्यातून नऊ माणसं उतरली आणि मागे आणखी दोन ऑटो दिसत होते. खोल्या दोन. त्यातल्या एकीत शालीकराम पोट भरून आडवा पसरलेला. केवलरामनं आधी त्याला पाय धरून ओढलं, मग सतरंजी काखेत मारली आणि नव्या घोरानं घामाघूम होत छोटेलालच्या व्हरांड्यात पंगतीला जागा करायला पळाला.