‘बर्तीनी’ म्हणणारी माणसं

हेब्बाळच्या तलावाकडे उघडणारं आमच्या कॉलनीचं मागचं फाटक कायमचं बंद होणार होतं. बाइकवाले त्यातून घुसतात, अशी तक्रार होती. शेजारच्या अक्का बेळगावच्या. पक्षाघातानंतर यजमान चाकाच्या खुर्चीत. रोज सकाळी अक्का त्यांना याच फाटकातून पाण्यापर्यंत नेत. पुढच्या बाजूने हमरस्ता. खुर्ची घेऊन तो ओलांडणं अशक्य. वॉर्डाचे इंजिनिअर म्हणाले, "रविवारी बघायला येतो. वापरणारी माणसं दाखवा."

माणसं जमवणं मला जमतं. आठवडाभर सकाळी फाटकाशी उभी राहिले आणि फिरून घरी निघालेल्या प्रत्येकाला रविवारचं सांगितलं. जो तो हसून "सरी, बर्तीनी" म्हणे. कन्नडमध्ये सरी म्हणजे बरं, बर्तीनी म्हणजे येतो. मी नावापुढे खूण करी.

रविवारी फाटकाशी आम्ही तिघंच, आणि मी मांडून घेतलेल्या रिकाम्या खुर्च्या.

"सगळे बर्तीनी म्हणाले होते," मी म्हणाले.

"कधी?" अक्कांनी विचारलं.

"घरी जाताना."

अक्का तोंडाला पदर लावून हसल्या. "अगं, जाताना माणूस दुसरं काय म्हणणार? तू माझ्याकडनं निघताना 'येते' म्हणतीस, तेव्हा मी काय परत चहा टाकते?"

मराठी माणसाला हे सांगावं लागू नये. माझा चेहरा बघून अक्कांनी यजमानांची खुर्ची ढकलत नेली आणि बरोबर फाटकाच्या मधोमध उभी केली.

फिरणारे परतू लागले. यजमानांनी नेहमीसारखा चांगला हात वर केला. त्या हाताला उत्तर दिल्याशिवाय तिथून कुणी जात नसे.

"काय अण्णा, आज वाटेत?"

"वाट बंद होणार म्हणतात," अक्का कन्नडमध्ये सांगत. "उद्यापासनं हे घरात."

ऐकलेला माणूस पुढे सरकेना. एक थांबला, मग त्याच्या मागचे थांबले. इंजिनिअर आले तेव्हा त्यांनाच आत शिरता येईना. "स्वल्प जागा द्या," ते म्हणाले, आणि मागून कुणीतरी म्हणालं, "तेच आम्ही मागतोय."

त्यांनी चाकाची खुर्ची टेपने मोजली. फाटक उघडं राहील. खुर्ची जाईल पण बाइक जाणार नाही, असे खांब रोवू, असं ठरलं. मग "बर्तीनी" म्हणत ते निघाले.

अक्कांनी मला कोपराने ढोसलं. "ह्याला वार विचार."

मी विचारला. मंगळवार म्हणाले, आणि मंगळवारी खांब आले.