ट्रॉलीच्या नावाचा उखाणा

घाटात ट्रॉली उलटली आणि सगळा ऊस तिच्या अंगावर आला. हे शेजारच्या सीटवरच्या बाईनं मला धारूरच्या घाटातच, एसटीत सांगितलं. माझी तिची ओळख नव्हती. लेकीच्या बाळंतपणाला निघाली होती. याआधी दोनदा घाट लागताच ती भिऊन उतरली होती.

वळण आलं की ती तळहातावर पेनानं काहीतरी लिहायची, थुंकी लावून पुसायची, पुन्हा लिहायची.

"काय लिहितीस गं?"

"उखाणा हाय, मावशी." आणि तिनं मोठ्यानं म्हटला, "उसाच्या फडात कोयत्याला धार, ट्रॉलीचं नाव घेते, मेलीचा लई भार!"

"नवऱ्याचं सोडून ट्रॉलीचं?"

"नवरा कधी एवढा अंगावर पडला न्हाई!"

कंडक्टरसकट सगळी एसटी हसली. मला तर ठसका लागला. लोक आणखी उखाणे मागू लागले, ती लिहून लिहून म्हणू लागली.

"उखाण्यात घातली की ती उरावर बसत न्हाई," ती मला म्हणाली.

घाट संपला तरी ती जागेवरच होती. मी विचारलं, "ट्रॉलीवर कोण कोण होतं?"

"आमी तिघी जावा. मी तेवढी ऱ्हायले."