चौरस आहार आणि कोटाची तिसरी गुंडी

माझी नोकरी एका शब्दावरून अडली, आणि तो शब्द होता 'चरबी'.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. लग्न होऊन मला सहा महिने झाले होते. सासर कनेरगाव नाक्यापासून कोसभर आत. मी डी.एड. होऊन आलेली सून, म्हणजे गावाच्या दृष्टीनं अर्धी मास्तरीण आणि अर्धी आगाऊ. त्यात नेमणुकीचं पत्र आलं. नाक्यावरून एस.टी.नं अर्ध्या तासावरच्या एका गावात प्राथमिक शाळा, दीड महिन्यात हजर व्हायचं. मी पत्र पेटीत साडीच्या घडीखाली ठेवलं आणि दिवसातून तीनदा काढून वाचलं. मामंजींनी मात्र एकदाच वाचून घेतलं आणि म्हणाले, "घरची सून मोटारीत धक्के खात मास्तरकी करायला जानार? न्हाई." झालं, विषय संपला. आमचे हे शेतात जायचं निमित्त करून बाहेर पडले. असल्या वेळी त्यांना शेत फार आठवायचं.

मामंजी म्हणजे माझे सासरे. तरुणपणी कुस्ती खेळलेले. कुस्ती सुटली, खुराक सुटला नाही. सकाळी न्याहारीला दोन भाकरी, वर कढवलेल्या तुपाची धार, आणि ती धार ते 'बस' म्हणेपर्यंत थांबवायची नाही. 'बस' म्हणायला ते अजिबात घाई करत नसत.

त्याच आठवड्यात त्यांच्या गुडघ्याला कळ लागली म्हणून ते हिंगोलीला डॉक्टरकडं गेले. डॉक्टर नवाच होता, शहरात शिकून आलेला. त्यानं तपासलं आणि दवाखान्यात बसलेल्या पाच-सहा माणसांदेखत म्हणाला, "बाबा, तुमच्या अंगात चरबी फार वाढलीय. कमी करा."

आता आमच्याकडं हे वाक्य माणूस कधी बोलतो? बाह्या सरसावल्यावर. मामंजी घरी आले ते डोक्याचा फेटा काढून खाटेवर आपटतच.

"कालचं पोरगं! मला मनतं चरबी वाढली! पंचक्रोशीत कोनाची टाप न्हाई मला असं बोलायची. मी काय त्याच्या बापाच्या बांधावर गेलतो?"

शेजारचे काका लगेच हजर. हे मामंजींचे तालमीतले जोडीदार. अंगानं तसेच, आवाजानं त्याहून मोठे. "तू ऐकून काहून घेतलंस? एक ठेवून द्यायची न्हाई?"

मला गप्प बसता आलं असतं. पण तोंडाला कुलूप लावणं मला कधीच जमलं नाही, आजही जमत नाही. दाराआडून मी म्हणाले, "मामंजी, ती शिवी नाही. चरबी म्हणजे शरीरातले स्निग्ध पदार्थ."

दोघांनी दाराकडं पाहिलं. मग मामंजींनी काकांना हळूच विचारलं, "स्निग्ध ही त्याच्याहून मोठी शिवी हाय का रे?"

मग मी बाहेर आले आणि डी.एड.चं आरोग्याचं पुस्तकच आणलं. चौरस आहाराचा धडा उघडला आणि समजावायला बसले. भाकरी, भात, पोळी, गूळ हे पिष्टमय पदार्थ. तेल, तूप, लोणी हे स्निग्ध पदार्थ. दोन्ही बेतानं घ्यायचे.

"मंग उरलं काय?" मामंजी म्हणाले.

"डाळी, पालेभाज्या, मोड आलेली मटकी. आणि गव्हाचं पीठ न चाळता, कोंड्यासकट."

"पाला, मोड अन् कोंडा." मामंजींनी बोटं मोजली. "अगं पोरी, हे आपून बैलाला घालतो. दुष्काळात आमी रेशनच्या लाल मिलोच्या, त्या अमेरिकन ज्वारीच्या भाकरी खाल्ल्या. तवा कोन्या डाक्टरनं इचारलं न्हाई का बाबा, तुहा आहार चौरस हाय का गोल!"

काका तर पेटलेच. त्यांचं म्हणणं, तुपाचा काही दोष नाही, तूप हाडाला वंगण. पोट सुटतं ते गव्हानं. "आपल्या बापानं गहू सनालाच खाल्ला. आता रोज पोळ्या पाहिजेत. तूप बंद कर, सांधे बैलगाडीवानी वाजतील." मामंजींना हे पटलं नाही, कारण पोळीही त्यांना आवडायची. ते म्हणाले दोष भाताचा, कारण भात त्यांना तसाही आवडत नव्हता. मी म्हणाले दोष जास्तीचा. माझं कोणी ऐकलं नाही. तास दीड तास असा वाद चालला की रस्त्यानं जाणारे थांबून वाटणीचं भांडण आहे का म्हणून विचारायला लागले.

शेवटी मामंजी चिडून म्हणाले, "इतकं शहानपन हाय तुह्या पुस्तकात, तर उतरव माही चरबी. काकाच्या पोराचं लगीन महिन्यावर आलं. माह्या काळ्या कोटाच्या गुंड्या लागल्या तर खुशाल जा शाळेवर. न्हाई लागल्या तर ते पत्र चुलीत."

काका म्हणाले, "मी पंच."

तो कोट मामंजींनी थोरल्या नणंदेच्या लग्नात हिंगोलीला शिवला होता. पाच गुंड्यांचा, बंद गळ्याचा. लगेच घालून पाहिला. पहिल्या दोन गुंड्या लागल्या. तिसरी आणि तिचं काज यांच्यात पोट होतं. बरोबर दोन बोटं अंतर. मी त्या दोन बोटांकडं पाहिलं. अहो, माझी अख्खी नोकरी त्या दोन बोटांत अडकली होती.

दुसऱ्या दिवसापासून मी कंबर कसली. तुपाची बरणी वरच्या फळीवर, पिठाची चाळणी माझ्या पेटीत. मटकी भिजत घातली. वजन करावं म्हटलं तर गावात काटा कापसाचा. मामंजी म्हणाले, "मी काय गाठोडं हाय का तराजूत बसायला?" मग सुतळीला पहिल्या मापाची गाठ मारून रोज पोट मोजायचं ठरलं. त्यात ते श्वास असा ओढून धरायचे की चेहरा जांभळा व्हायचा.

आणि चोऱ्या किती कराव्यात माणसानं! बरणीतलं तूप खाली जात होतं आणि घरात पाटावर न चढता कोणाचा हात तिथं पुरत नव्हता त्यांच्याशिवाय. बाजाराला म्हणून नाक्यावर जायचे आणि मिशीला कांद्याच्या भज्यांचा वास घेऊन यायचे. विचारलं तर म्हणायचे, "हाटेलासमोरून आलो, वारा तिकडून व्हता." मी तणतणायचे, भांडी आपटायचे, मग पेटी उघडून पत्र बघायचे.

या सगळ्यात एक माणूस काहीच बोलत नव्हतं. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई. त्या शाळेत कधी गेल्या नव्हत्या. पण त्यांच्या हातची भाकरी अशी गोल की परातीत चंद्र उतरवल्यासारखी. ओसरीवरचा वाद त्या चुलीजवळ बसून ऐकायच्या. एकदाच मला म्हणाल्या, "चौरस, चौरस मनतीस, ते केल्यानं खरंच गुंडी लागंल का गं?"

मी घाईत होते. "लागेल की आत्याबाई, पण ते नीट करायला पाहिजे," एवढं बोलून मी विहिरीवर गेले. चौरस म्हणजे काय ते सांगायला मला सुचलं नाही. मास्तरीण ना मी!

परत आले तर मामंजी आणि काका जेवायला बसलेले. मामंजींच्या ताटात भाकरी होती, चौकोनी. चारी बाजू सुरीनं कापून सरळ केलेल्या, कोपरे टोकदार. मधोमध छान भाजलेली, कोपऱ्यांना मात्र आच लागली नव्हती, ते पांढरेफट्ट. मामंजी ताट फिरवून फिरवून बघत होते.

"हे काय हाय?"

"चौरस आहार," आत्याबाई म्हणाल्या. "सूनबाईनं सांगितलेला. नीट करायला पायजे मनली, मनून सुरीनं केला."

मामंजी आधी नुसते हलले. मग असे हसले की घास घशात अडकून काकांना पाठ चोळावी लागली, आणि पाठ चोळता चोळता काकाही हसत सुटले. काकांनी ती भाकरी हातात धरून रस्त्यावर नेली आणि येणाऱ्या जाणाऱ्याला दाखवली. आया-बाया जमल्या. कुणी म्हणालं आता तिकोनी वरण करा. आणि मी? मीही हसले. पदर तोंडात कोंबून हसले, पण हसले.

आत्याबाईंनी चुलीकडं तोंड वळवलं. डोळे पुसत म्हणाल्या, "लाकूड ओलं हाय, धूर करून राहिलं." लाकूड चांगलं वाळकं होतं. मग त्यांनी भाकरीच्या कापून काढलेल्या कडा परातीतून वेचल्या, तव्यावर भाजल्या आणि मिठाला लावून एकट्याच खाल्ल्या. मला तेव्हा इतकी लाज वाटली की संध्याकाळी मी जेवलेच नाही. रात्री भांडी घासताना मी त्यांना सांगितलं, चौरस म्हणजे चारी बाजूंनी पुरं, सगळं थोडं थोडं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "असं व्हय."

लग्नाचा दिवस आला. आदल्या दिवशीची सुतळी मला ठाऊक होती, ती महिन्यापूर्वीच्या गाठीपाशीच होती. मी पत्र घडी करून कमरेला खोचलं होतं. चुलीत टाकायची वेळ आली तर आपल्याच हातानं टाकायचं, दुसऱ्याला टाकू द्यायचं नाही, एवढं ठरवून उभी होते.

आत्याबाईंनी कोट आणून दिला. मामंजींनी घातला. काका पंच म्हणून समोर. पहिली गुंडी लागली. दुसरी लागली. मामंजींनी श्वास ओढला, तिसरी हातात धरली आणि ती सुळकन काजात गेली. चौथी गेली. पाचवी गेली. श्वास सोडला तरी काही तुटलं नाही.

"आरं तिच्यायला!" काका ओरडले. "मटकीनं केलं!"

मामंजी खाली बघत राहिले. तिसऱ्या गुंडीवरून त्यांनी अंगठा फिरवला, एकदा, दोनदा. मग स्वयंपाकघराच्या दाराकडं बघितलं. मला वाटलं, आता काहीतरी खोट काढतात. पण ते खाकरून म्हणाले, "सूनबाई, जिंकलीस. सोमवारी हजर व्हय. मोटारीपर्यंत मी येतो सोडायला."

मला रडूच फुटलं. लग्नाच्या घरी सगळ्यांना वाटलं सून फार हळवी आहे. काकांनी पुढं आठ दिवस मटकी खाल्ली आणि पोटात गुबारा धरला म्हणून मला शिव्या दिल्या. मामंजींच्या न्याहारीला तुपाची धार पुन्हा सुरू झाली, मात्र आता ते आपणहून थोडं लवकर 'बस' म्हणायचे. आज माझी नात मला सांगते की आजी, तूप चांगलं, ज्वारी चांगली, गहू कमी कर. म्हणजे काका खरे ठरले म्हणायचे! ते असते तर गावभर हलगी वाजवत फिरले असते.

पण खरी गोष्ट कळली ती दिवाळीच्या आधी. मी शाळेत रुळले होते. सुट्टीच्या दिवशी कपडे उन्हात घालताना कोट हाती आला. खालच्या तीन गुंड्यांच्या शेजारी, दोन बोटं आत, कापडावर गोल गडद ठसे होते आणि त्यात सुईची जुनी भोकं. गुंड्या सरकवल्या होत्या. दोरा निळा होता.

मी कोट घेऊन आत्याबाईंपुढं बसले. काही विचारायची गरजच पडली नाही.

"मला काळा दोरा भेटला न्हाई," त्या म्हणाल्या. "त्यायच्या तवाच ध्यानात आलं. लग्नात जेवताना मला मनले, दोरा निळा काहून घेतलास, काका पाहील की."

"म्हणजे मामंजींना ठाऊक होतं?"

"मंग? आपलं पोट मानसाला ठाऊक नसतंय व्हय?"

मी म्हणाले, "आत्याबाई, मी तुम्हाला हसले होते त्या दिवशी. तरी तुम्ही माझ्यासाठी हे केलं?"

त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबला नाही. "हसलीस, पन रातच्याला सांगितलंस बी. माह्या जन्मात मला कोनी बसून काही सांगितलं न्हाई गं. तू तिथं जाऊन पोरींला सांग, चौरस म्हंजी काय ते."

त्या आठवड्यात मी तिसरीच्या वर्गात आहाराचा धडा घेतला. फळ्यावर ताट काढलं, ताटात भाकरी काढली, वर मोठ्या अक्षरात लिहिलं, चौरस आहार. मागच्या ओळीतली एक पोरगी उठली आणि म्हणाली, "बाई, भाकर तर गोल हाय. ती चौरस कशी करायची?"

पोरांनी तोंडं उघडली होती. कोणी हसायच्या आत मी हातातला खडू टेबलावर आपटला आणि म्हणाले, "बरोबर विचारलंस. ये, इथं माझ्याजवळ बस, मी तुला सांगते."