चौथ्या संध्याकाळचा वेस्टा

"यांना भाजीतला केस दिसत नाही, आणि म्हणे आकाशातला दगड दिसतो!" आई स्वयंपाकघरातून फोनवर मावशीला सांगत होती. पलीकडे मावशी हसली असावी, कारण मग आईही हसली. मी वही आणि दुर्बीण घेऊन गच्चीवर गेले. बाबा आधीच वर होते.

दगड म्हणजे वेस्टा. मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या पट्ट्यातला सगळ्यात तेजस्वी लघुग्रह. दुर्बिणीतूनही तो नुसता ठिपका दिसतो, ताऱ्यासारखाच. त्याला ओळखायचं तर रोज त्या भागातले सगळे ठिपके कागदावर काढायचे. तीन-चार दिवसांत जो सरकेल, तो वेस्टा. मी सहावीत असल्यापासून, आता कॉलेजात आले तरी, आमचा नियम आहे: आधी बाबा काढणार, मग मी, आणि दोघांचं होईपर्यंत एकमेकांचं पान बघायचं नाही.

ती चौथी संध्याकाळ होती. दिवाळी नुकतीच झालेली, सरोजिनी नगरच्या आमच्या क्वार्टर्सवर राखाडी धूर बसला होता. धुराचा एक फायदा असतो, कोणालाच काही दिसत नाही. गेल्या आठवड्यात आईला ऑफिसला सोडताना बाबांची स्कूटर डिव्हायडरला घासली, तेव्हाही "धुंध होती यार" एवढ्यावर विषय संपला. त्या सकाळी चांगलं ऊन होतं. मला आठवत होतं, तरी मी काही बोलले नाही. मी सहसा बोलत नाही.

बाबांनी पान पूर्ण केलं आणि दुर्बीण माझ्याकडे दिली. मी चष्मा काढून ती डोळ्यांना लावली. चित्र लगेच स्पष्ट. माझा नंबर मोठा आहे, बाबांनंतर मला फोकसचं चाक नेहमी बरंच फिरवावं लागतं. आज ते मी काल सोडलं होतं तिथेच होतं. त्यांनी त्याला हातच लावला नव्हता.

धुरातून मला दोनच तारे दिसले. मी दोन ठिपके काढले आणि पानं शेजारी ठेवली. बाबांच्या पानावर सहा तारे होते, आणि वेस्टा जेवढा सरकायला हवा होता नेमका तेवढाच सरकलेला. गणित त्यांचं पक्कं आहे.

"दिसला ना?" त्यांनी विचारलं. ते माझ्या पानाकडेच बघत होते.

"हो" म्हणणं सोपं होतं.

"नाही, बाबा," मी म्हणाले. "आणि तुम्हालाही नाही दिसला. उद्या आईला मी सोडते. मग आपण डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊ."